चारशे पासष्ट

ॲप म्हणतं, एक हजार तीनशे बारा वेळा
बोट पडलं आमच्या चित्रावर.
साइटवरचा मोजणारा म्हणतो, माणसं आली आठशे सत्तेचाळीस.
आणि सर्व्हरची वही, जी कुणी उघडत नाही,
ती म्हणते दोन हजार साठ.
तिच्यात यंत्रंही आहेत, पहाटे तीनला येऊन
प्रत्येक दार ठोठावून जाणारी.

राउमा. मंगळवार. खिडकीबाहेर उणे अकरा.
हेल्लेवीबाईंच्या लेसच्या दुकानाचा हा हिशेब
माझ्याकडे असतो, महिन्याला साठ युरो
आणि दालचिनीच्या पावांचा एक डबा.
मी वजाबाकी करते. चारशे पासष्ट.
हातचा विसरले असेन म्हणून पुन्हा करते.
चारशे पासष्ट.

कुठे गेली एवढी माणसं?

काहींची बस आली असेल.
काहींचं पान उघडत होतं आणि लिफ्टचं दार बंद झालं.
काहींना उंबऱ्यातच विचारलं, कुकी चालेल का?
ते नको म्हणाले, तरी आत आले,
तासभर हिंडले, रुमालाची किनार मोठी करून पाहिली,
पण मोजणाऱ्याने शब्द पाळला होता,
डोळे मिटून बसला होता.
काहींचा सोमवार संपायचाच होता:
ॲपची मध्यरात्र कॅलिफोर्नियात होते,
तेव्हा इथे सकाळचे दहा वाजलेले असतात,
आणि हेल्लेवीबाई दुकानापुढचा बर्फ ओढत असतात.

शिवाय एक रकाना आहे, 'थेट'.
ज्यांचा माग लागत नाही त्यांना तिथे बसवतात.
जणू कुणी झोपेतून उठलं आणि कुणीही न सांगता
आमचा लांबलचक पत्ता तोंडपाठ टाइप करत आलं.
इतक्या भल्या माणसांवर माझा विश्वास नाही.

नगरपालिकेतून व्हेइयोचा फोन.
अनुदानाच्या अर्जात चौकोन एकच आहे, साइमी.
एकच आकडा लिही.
कुठला?
मोठा लिही ना, तो हसतो,
नाहीतरी कोण ताळा करून बघणार आहे.

दुपारी दुकानात जाते.
हेल्लेवीबाईंची स्वतःची वही, पेन्सिलीच्या रेघा:
दारातून आलेले, एकोणीस.
त्यातली एक उलविलाहून, नातवाने काढलेला
स्क्रीनशॉट छापून घेऊन आली होती.
कागद घडी घालून पर्समध्ये.
हिला माझ्या कुठल्याच तक्त्यात जागा नाही.

मग मी सहज सांगते, बाई, एक गंमत,
सर्व्हरच्या वहीत एकच पत्ता सतरा वेळा आहे,
रोज रात्री, नऊच्या सुमारास, जाहिरातीतून.
कुणीतरी येतं, काही घेत नाही, लगेच जातं.

बाईंच्या हातातल्या लाकडी रिळांची टकटक थांबते.

ती मीच, त्या म्हणतात.
कुलूप लावून घरी जाते ना,
मग फोनवर ते चित्र दिसलं की दाबते.
दुकान तिथे उघडं आहे का, बघायला.

मला सांगायचं असतं की त्या प्रत्येक दाबण्याचे
एकतीस सेंट आपणच भरतो.
सतरा वेळा, पाच युरो सत्तावीस.
मी पाव खाते.
उघडं होतं का? विचारते.
दर वेळी, त्या म्हणतात, आणि दिवेही लागलेले.

टकटक पुन्हा सुरू होते.
ॲपने त्यांना सतरा धरलं, साइटने एक.
म्हणजे सोळांचा पत्ता लागला.

व्हेइयोच्या चौकोनात मी तिन्ही आकडे लिहिते,
बारीक अक्षरात, एकाखाली एक,
शेवटचा चौकटीबाहेर जातो.
परतताना अंधार पडलाय, चार वाजलेत,
रस्त्यात कुणी नाही.
उरले चारशे एकोणपन्नास.